हरण्याच्या पायातला खिळा

आमच्या मालकांना एकच म्हण पाठ. आपला हात जगन्नाथ. न्हाव्याला सुगीचे दाणे कशाला द्यायचे, म्हणून पोरांची डोकी तेच भादरायचे. मग पोरं महिनाभर डोक्याला फडकं बांधून हिंडायची. बाजही तेच विणायचे. त्या बाजेवर निजलं की माणूस मधल्या खड्ड्यात गोळा व्हायचा. म्या कुरकुरले तर म्हणायचे, "मोडली का? न्हाय ना? मग गप." असल्या माणसासंगं म्या बावीस वर्सं काढली. वर गेल्यावर देवानं विचारलं तर सांगीन त्याला, की आता तुझं तूच बघ.

ती लढाईची सालं. लढाई कुठं साता समुद्रापल्याड, पण लोखंड समदं तिकडंच चाललेलं. आमच्या सोनारी गावात फकरुद्दीनभाई नालबंद होते. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचं त्यांचं काम. एका पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ. लोखंड महागलं म्हणून त्यांनी दोन आणे वाढवले, अन् मालकांचं डोकं फिरलं. "पत्री ठेवायची अन् खिळा ठोकायचा. त्यात काय इद्या लागती?" फुटक्या कढईचे तुकडे कापले, जुन्या दाराचे खिळे उपसून सरळ केले, अन् आमच्या हरण्याला दोरानं पाडून चारी पाय बांधले. बैल नुसता हंबरत होता. मला बघवंना, म्या आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून हरण्या मागचा पाय जपून टाकायला लागला. "नव्या वहाणा माणसाला चावतात की," मालक म्हणाले. "बसतील पायात."

चार दिसांनी कमळीला आणायचं होतं. आमची थोरली लेक. पाच कोसांवर दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सुगी हाय म्हणून सासूनं धाडलं न्हाय. लेकरू मेलेलंच जन्मलं. कमळी दोन महिने कुणाशी बोलली न्हाय. आता पुन्हा दिवस भरत आले तसा तिनं निरोप धाडला, "आई, मला इथं नको. मला घेऊन जा." म्या म्हणलं, निघायच्या आधी सखूबाई सुईणीला सांगून ठेवते.

"सुईण कशाला?" मालक म्हणाले. "तुला चार झाली. तुला कळत न्हाय व्हय?"

"चार झाली म्हणून म्या सुईण झाले का? लेकीचा जीव हाय त्यो, तुमची बाज न्हाय!"

पण ऐकतील तर शप्पत. तसंच निघालो.

कमळीला गाडीत वाकळ अंथरून बसवली अन् दुपार कलताना परत फिरलो. तीन कोस आलो असू. हरण्या थांबला. मागचा पाय उचलून तीन पायांवर उभा राहिला, अंगाला कापरं सुटलं. मालकांनी चाबूक उगारला, अन् त्याच्या डोळ्यांकडं बघून खाली घेतला. तेवढ्यात गाडीतनं कमळी म्हणाली, "आई गं, कळ आली."

पुढं दोन कोस, मागं तीन. ना गाव, ना माणूस. त्या घडीला मला मालकांचा असा राग आला, की म्या जिभेवर आलेलं सगळं बोलले. अडाणी म्हणलं, कंजूष म्हणलं. "ह्या लेकराला काय झालं तर तुमचं तोंड बघायची न्हाय," म्हणलं.

मालक खाली उतरले. हरण्याला सोडला, गाडीमागं बांधला. डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर घडी ठेवली, अन् दुसऱ्या बैलाच्या, मोऱ्याच्या जोडीला स्वतः जुवाखाली शिरले. म्या मोऱ्याचा कासरा धरला. गाडी हलली.

माणसाची अन् बैलाची चाल कुठं जमती? मोऱ्या ओढायचा, मालक फरफटायचे. पाऊण कोस गेलो नसू, तर मागनं हाक आली. परंड्याचा बाजार करून फकरुद्दीनभाई येत होते, खांद्यावर हत्यारांची थैली.

"या अल्ला! बलभीमदादा, हे काय?"

मालकांनी हरण्याकडं बोट केलं. फकरुद्दीनभाईंनी हरण्याचा पाय उचलून बघितला. "कुणी मारल्या ह्या?"

मालक म्हणाले, "म्या."

"आमच्या खिळ्याला एका अंगानं उतार असतो, दादा. म्हणून त्यो वळून खुराच्या भाईर निघतो. तुमचा सरळ जित्या मांसात गेलाय." त्यांनी पकड काढून खिळा उपटला. काळं रगत अन् पू आला. हरण्यानं एवढा मोठा श्वास सोडला, मला रडूच आलं. "आता पंधरा दिस ह्याला गाडीला जुपायचं न्हाय." मग मालकांच्या अनवाणी पायांकडं बघून म्हणाले, "तुमाला मारू का पत्र्या? रस्ता लई खडकाळ हाय."

कळा देता देता कमळी हसली. म्याही हसले. काय करावं, हसू आलं.

फकरुद्दीनभाईंनी थैली गाडीत टाकली. "सरा बाजूला. तुमी माझं काम केलं, म्या हरण्याचं करतो." आळीपाळीनं खांदा देत दोघांनी गाडी ओढली. दिवेलागणीला सोनारीत शिरलो. म्या कमळीला धरून आत नेतीय तोवर मालक भाईर पळाले. पाणीसुदिक प्याले न्हाईत.

आले ते सखूबाईला घेऊनच. ती बिचारी धापा टाकत म्हणाली, "अगं, ह्यानं मला हाताला धरून पळवत आणलं!"

लेकरू आडवं होतं. माझ्या हातनं काही झालं नसतं, हे म्या आजही सांगते. सखूबाईनं तेल लावून पोट चोळलं, लेकरू फिरवलं, अन् पोरगी झाली. रडली. असं रडली की अख्ख्या आळीला कळलं. कमळी तिला छातीशी धरून नुसती बघत होती, जित्ती हाय का, जित्ती हाय का म्हणून.

मालकांना सांगायला गेले तर ते गोठ्यात. हरण्याचा पाय मांडीवर घेऊन हळद भरत होते. "नात झाली," म्या म्हणलं. त्यांनी डोळे पुसले. "सखूबाईला लुगडं दे. चांगलं दे."

दिव्याच्या उजेडात मला त्यांचा खांदा दिसला. जुवानं मानेपासून पाठीपर्यंत सोलून निघाला होता. पण माझा राग अजून शाबूत होता. हळदीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. "घ्या. तुमचं तुमीच लावा. आपला हात जगन्नाथ."

त्यांनी हात मागं नेला. पुन्हा नेला. मग खाली मान घालून म्हणाले, "हात पोचत न्हाय गं माझा."

म्या वाटी घेतली अन् मागं बसले.