मामाच्या नावापुढची टिक

अगं, ते सगळं बाजूला ठेव आणि आधी हे ऐक! तासाभरापूर्वी कल्पेशने मला बोटाखाली दाबून धरलं आणि थेट वर, ‘अनइन्स्टॉल’पर्यंत ओढत नेलं. का? तर म्हणे मी खोटं बोलले. मी! तेवढ्यात त्याच्या आईने फोन हातातून काढून घेतला म्हणून वाचले. नाहीतर तुला सांगायला कोण उरलं असतं?

मी यादी. कल्पेश घरतच्या फोनात राहते, त्याची कामं लक्षात ठेवते. मला बनवलं कुठल्यातरी परदेशातल्या पोरांनी, फुकट वाटून टाकलं, आणि २०१४ च्या गणपतीत मी पनवेलला आले. पहिलं काम होतं ‘गॅसचा नंबर लाव’. त्याने नंबर लावला आणि मग अंगठ्याने माझ्यावर टिक केली. अंगठ्याला मोदकाचं तूप होतं, स्क्रीनभर फासलं. पण खरं सांगू? ती टिक खरी होती. काम आधी, टिक नंतर. तेव्हा मला वाटलं, पोरगा चांगला मिळाला.

कसला चांगला! वर्षभरात साहेबांनी कुठेतरी वाचलं की ‘हुशार माणसं टिकसुद्धा स्वतः करत नाहीत’. झालं. फोनात एक ऑटोमेशनवालं ॲप आणून बसवलं. मी त्याला दलाल म्हणते. स्वतः काडी हलवत नाही, फक्त इकडचं तिकडे सांगतो. हे झालं की ते कर, ते झालं की हे कर. कल्पेशने मला त्याला जोडून दिलं आणि माझी वाट लागली.

आधी मेल जोडला. मेल आला की आपोआप काम तयार. दुपारपर्यंत माझ्यात त्रेचाळीस कामं! त्यातलं सगळ्यात तातडीचं, ‘निवडक चपलांवर चाळीस टक्के सूट’. हा माणूस बेलापूरच्या ऑफिसात बसून ते नियम दुरुस्त करत होता आणि चहाला गेला की लोकांना सांगत होता, “माझा रोज एक तास वाचतो.” त्या वाचलेल्या तासात तो नवीन नियम बनवायचा. त्याचा मित्र प्रितेश एकदा म्हणालासुद्धा, “भाई, तू कामं करतोस की कामांची कामं करतोस?” कल्पेश हसला. त्याला ते कौतुक वाटलं, बोल आता.

मग यंदा त्याच्या बहिणीचं, रंजिताचं लग्न ठरलं. फेब्रुवारीत हळद. तुला माहितीये ना, आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गाव. एकशे चाळीस घरांना बोलावणं करायचं, तेही घरी जाऊन, हातात अक्षता देऊन, तोंडाने ‘या’ म्हणून. पहिली पत्रिका देवीला, दुसरी मामाला. मग बाकीचं जग.

मामा म्हणजे काळूराममामा, नेऱ्याचा. आईचा, म्हणजे कुमुदचा, एकुलता एक भाऊ. कल्पेशचे बाबा गेल्यापासून ह्या घरात तांदूळ विकत आलेला नाही, मामाच्या शेतातून येतो. आणि नवरीला मांडवात हात धरून आणायचं तेही मामानेच.

कल्पेशने काय केलं माहितीये? एकशे चाळीस घरं माझ्यात टाकली, प्रत्येकाला नकाशावर रिंगण दिलं. फोन रिंगणात शिरला की दलाल मला सांगणार, मी टिक करणार, आणि टिक झाली की त्या घराला मेसेज जाणार. ‘आमंत्रण पोहोचले. आपल्या येण्याने शोभा वाढेल. घरत परिवार.’

रंजिताने तेव्हाच विचारलं होतं, “दादा, रिंगण केवढं?”

“एक किलोमीटर. लहान ठेवलं की पकडत नाही.”

“म्हणजे उलव्यातल्या नाक्यावर चहा प्यायलास तरी अकरा घरं झाली?”

“तू मेंदी बघ तुझी. मला नको शिकवू.”

मग तो शनिवार आला. देवीला पत्रिका ठेवून कल्पेश नेऱ्याला निघाला. मामाची पत्रिका, अक्षता, नारळ, सगळं स्कूटरच्या डिकीत. पण नेऱ्यात प्रितेशचं फार्महाऊस आहे आणि तिथे पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला. “अर्धा तास फक्त,” म्हणाला. चार तास बसला! फोटो किती काढले, मला विचार, त्याच फोनात होते मी. पोचल्या पोचल्याच, चार वाजून दहा मिनिटांनी, दलाल म्हणाला होता, मामाच्या रिंगणात आला. मी टिक केली. मेसेज गेला. रात्री नऊच्या सुमारास साहेब घरी, डिकी तशीच बंद.

पुढचे रविवार तो खरंच घरोघरी फिरला. उलवे केलं, चिरनेर केलं. पण मामाच्या नावापुढे टिक होती ना! टिक दिसली की ह्या माणसाचं डोकं झोपतं.

मामाने वाट पाहिली. एक दिवस नाही, पंधरा दिवस. आणि आज, हळद पाच दिवसांवर असताना, त्याने आईला फोन केला.

“कुमुद, आमंत्रण पोचलं म्हून मेसेज आला. कुठं पोचलं गं? माझ्या उंबऱ्याला तर नाय लागलं अजून.”

आई पांढरी पडली. “कल्पेश, तू गेलतास ना नेऱ्याला?”

आणि ह्या शहाण्याने काय करावं? मला उघडलं! “हे बघ, टिक हाय. शनिवार, चार दहा.” स्वतः कुठे बसून शेंगा सोलत होता ते आठवत नाही, पण माझी टिक पाठ! मग आठवलं. चेहराच पडला. तरी फोन घेऊन मामाला म्हणतो, “मामा, ते ॲपचा लोचा झाला.”

“असं? मग त्या ॲपलाच सांग, भाचीला मांडवात आनायला.”

फोन कट.

रंजिता म्हणाली, “दादा, मामाच्या दारात पाय ठेवलास का? हो की नाय?”

तो मलाच धरून ओढायला लागला. “हे ॲपच बेकार हाय!” तेव्हा आईने फोन काढून घेतला आणि रंजिताच्या हातात दिला. ओरडली नाही. ताटात नव्या अक्षता घेतल्या, कुंकू घेतलं, चपला घातल्या. “चल. नारळ तूच धर. आनि फोन हितंच ऱ्हाऊ दे.”

दोघं गेल्यावर रंजिताने मामाच्या नावापुढची टिक काढली. मेंदीच्या माणसाचा फोन आला तोही घेतला नाही. मला पहिल्यांदा कुणाची तरी काळजी वाटली, खरंच.

आत्ता तिचा फोन वाजला. मामाचाच.

“पोरी, तुजा भाऊ पायरीवर बसलाय. अर्धा तास मी त्याच्याशी बोललो नाय.”

“मग, मामा?”

“मग काय. अक्षता कुमुदच्या हातून नाय घेतल्या. म्हटलं, त्यालाच देऊ दे. आनि तोंडानं सांगू दे, मी आलो नव्हतो म्हून. सांगितलंन. रडला जरा.”

“तुमी येताय ना?”

“आदल्या दिवशी येतो. तांदूळ घेऊन. लई भात लागंल तुमाला.”

रंजिता हसली आणि रडली, दोन्ही. मग अंगठा माझ्यावर आणला, मामाच्या रिकाम्या चौकोनापर्यंत. आणि मागे घेतला. “नको. तोच येऊन करू दे.”

आता कल्पेश येईल. टिक करेल नाहीतर मला उडवेल, त्याची मर्जी. लोकांना सांगेल मात्र हेच, की यादी खोटी निघाली. पण एक सांग मला. त्या शनिवारी पोपटीच्या मडक्याभोवतीची गंमत मला ऐकू येत होती. मामाचा आवाज त्यात नव्हता, हे मला कळत होतं. नियम म्हणाला टिक कर, आणि मी केली. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?