परखीने काढलेला त्रिकोण

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा? शिकलेल्या माणसावर, की अनुभवी माणसावर? माझे मालक दोन्ही होते, म्हणून विचारते.

मी परखी बोलतेय. धानाच्या पोत्यात खुपसून आतला नमुना काढतात ना, ती टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी वस्तू. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी गोंदियाच्या गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दुलीचंदशेठनी मला लोहाराकडून घडवून घेतलं. शेठ शाळेत फारसे गेले नव्हते. जे शिकले ते आपलं आपण. पण धानाची पारख त्यांचीच! वर चांगला दाणा आणि आत पोचट भरून आणणाऱ्याला म्हणायचे, "काय पाटील, वरून नवरदेव अन् आतून रुसलेले वऱ्हाडी?" दुकान हसायचं, पाटीलही हसायचा.

धान विकता विकता लोक घरची गाऱ्हाणीही सांगत. शेठना वाटलं, हेही नीट शिकावं. एका हिवाळ्यात नागपूरच्या एक बाई वाचनालयात नवरा-बायकोची भांडणं समजून घेण्याच्या रीती शिकवायला येत. शेठ दर रविवारी हजर, आणि मी त्यांच्या कोटाच्या खिशात. बाई फळ्यावर त्रिकोण काढत.

"दोघांना आपसातलं सोसवेना, की तिसरं माणूस मध्ये येतं. पण ते मध्ये काय करतं, हे तिघांना वेगवेगळं विचारल्याशिवाय त्रिकोण काढू नका."

शेठना त्रिकोण फार आवडला. बाईंचं पुढचं वाक्य मात्र वाचनालयातच राहिलं.

मग दवनीवाड्याचा चैतराम आला. बायको प्रेमिला सारखी माहेरी पळते म्हणाला.

"घरात आणखी कोण?" शेठनी विचारलं.

"माय हाये, देवकाबाई. तिचं तोंडही वाकडंच राहते. दोन बाया एका घरात, होऊनच राहते काही ना काही."

शेठनी मला उचललं आणि जमिनीवर सांडलेल्या कोंड्यात माझ्या टोकाने तीन रेघा ओढल्या. "हा तू, ही बायको, ही माय. मायची चूल वेगळी कर. दोघांचं आपोआप जुळेल."

चैतराम खूश होऊन गेला. माझं टोक त्या दिवशी मोडलं असतं तर बरं झालं असतं.

होळीच्या सुमारास देवकाबाई दुकानात आली. बसली नाही.

"कोणाले इचारून मले शेतातल्या खोपडीत टाकलं, शेटजी?"

"बाई, घराच्या भल्यासाठीच..."

"भलं! माहा पोरगा बायकोवर हात उचलते. मी मधात उभी राहत होती, म्हणून ते पोरगी टिकून होती. आता गेली सौंदडले, मायबापाकडे. येत नाही म्हणते."

शेठ दुसऱ्याच दिवशी मला खिशात घेऊन छोट्या रुळांच्या आगगाडीने सौंदडला गेले. प्रेमिला अंगणात सूप घेऊन बसली होती. उठून पाणी आणलं, तेही डाव्या हाताने.

"चल बेटी, चैतरामला मी समजावतो."

"बाबूजी, तुमच्यावर राग नाही. तुमी त्याले इचारलं, मले काऊन नाही इचारलं?" तिने उजवं मनगट पुढे केलं. हाड जुळलं होतं, पण वाकडं. "माय खोपडीत गेली, त्याच हप्त्यातलं हे."

शेठनी पाणी तसंच खाली ठेवलं. परतीच्या गाडीत समोरच्याने धानाचा भाव विचारला, तर त्यांनी चुकीचाच सांगितला.

आता साठ साल उजाडलंय. मला गंज चढला, माझ्या जागी नवी परखी आली. लोक अजूनही गाऱ्हाणी आणतात. शेठ म्हणतात, "घरी येतो, सगळ्यांशी बोलतो, मग सांगतो." काहींना राग येतो, ते निघून जातात. प्रेमिला काही परतली नाही. देवकाबाई बाजाराच्या दिवशी सौंदडला जाते, सुनेच्या केसांना तेल लावून देते आणि संध्याकाळच्या गाडीने एकटीच खोपडीत परतते.

तुम्ही तर पढलेली माणसं. कोणाचं घर तुमच्यापुढे आलं, तर जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडा. जी तुमच्या दारापर्यंत आलीच नाही, तिचंही खातं उघडा. माझ्या मालकांच्या हिशेबात प्रेमिलाचा हात राहून गेला. तुमचा हिशेब तेवढा खरा ठेवा.