पडद्यावरच्या तिरप्या रेघा

सत्यभामेला संशय आला तो मुस्तकीमचा. तेलगावच्या पलीकडच्या तलावात दोघांच्या होड्या सोबतीनं चालायच्या. मोटारसायकलवरून पडून तिच्या नवऱ्याचा, गहिनीनाथचा, खांदा मोडला, तेव्हापासून त्याची होडी तीच चालवत होती. होडीच्या काठाला मासे दाखवणारं यंत्र होतं. पाण्यात बुडलेला सेन्सर आणि वर तळहाताएवढा पडदा. यंत्र गहिनीनाथनं आणलेलं, पण बसवून दिलं मुस्तकीमनं. वडवणीत त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्या बदल्यात मासा कुठं आहे ते त्याला सांगायचं, असं ठरलेलं होतं. निघताना गहिनीनाथ रोज बजावायचा, मुस्तकीमला खडकाच्या बाजूला लाव, तिकडं रोहू असतो. ती तसं सांगायची.

मागच्या आठवड्यात मुस्तकीम तिच्या होडीत आला आणि यंत्राची बटणं दाबत बसला. तळ चाळीस फुटांवर आहे आणि तुमी पडदा शंभर फुटांचा लावलाय, म्हणून चित्र बारकं दिसतंय, असं त्यानं सांगितलं. खोली साठवर आणल्यावर चित्र खरंच मोठं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर तिरप्या, तुटक रेघा उमटायला लागल्या. मासा पडद्यावर कमानीसारखा दिसायचा, ती कमान त्या गर्दीत ओळखू येईना. दोनदा तिनं अंदाजानं जाळं टाकलं, हाती शेवाळ आलं. आणि त्याच सकाळी मुस्तकीमच्या होडीत कटले तडफडत होते.

घरी गहिनीनाथ म्हणाला, "त्यानंच काहीतरी करून ठेवलंय. त्याला हात लावू दिलास कावून?"

सत्यभामेलाही तेच वाटत होतं. सकाळी पाण्यावर गेल्यावर तिनं एकेक सेटिंग तपासली. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर रेघा फिक्या झाल्या, पण त्यांच्याबरोबर मासेही गेले. नको तो आवाज गाळायची सोय होती, ती वाढवली. थोडाच फरक पडला. शेवटी यंत्र विकत आणलं तेव्हा होतं तसं सगळं मूळपदावर आणलं, खोली तेवढी साठवर ठेवली. रेघा होत्या तशाच. म्हणजे सेटिंगमध्ये कुणी काही बिघडवलेलं नव्हतं.

तेवढ्यात मुस्तकीमची होडी बाभळीच्या कोपऱ्याआड गेली आणि पडदा साफ झाला. तळाची रेघ ठळक, वर दोन-तीन कमानी. तो परत आला, रेघा परत आल्या. तिनं वल्हं थांबवून पाहिलं. तो लांब गेला की साफ, जवळ आला की रेघा.

यंत्र बसवताना मुस्तकीमनंच सांगितलं होतं, हे पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून परत आलेला ऐकतं. मग हे दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकत असणार.

तिनं होडी सरळ त्याच्या होडीला नेऊन लावली. तिला येताना पाहून त्यानं पुढ्यातल्या कशावर तरी पोतं टाकलं होतं.

"पोतं उचला, मुस्तकीमभाई."

त्यानं ते उचललं. खाली तसंच यंत्र होतं, तिच्यापेक्षा नवं.

"माझ्यापासून लपवून?" तिनं विचारलं.

"वैनी, मला तुमी दर येळी खडकाकडं लावलं. तिथं काय बी न्हवतं. त्याच्या आधी गहिनीभाऊ बी तिकडंच लावायचे. मला वाटलं, नवरा-बायको मिळून येडं बनवताय."

ती खडकाकडं बघत राहिली. स्वतःची होडी तिनं कधी तिकडं नेली नव्हती. गहिनीनाथनंच नेऊ दिली नव्हती, तिथं सेन्सर आपटून फुटेल म्हणून.

दोघं वल्ही मारत खडकाच्या बाजूला गेले. पडद्यावर तळ वर वर येत गेला, दहा फूट, आठ फूट. एकही कमान नव्हती. मुस्तकीमनं दोन्ही पडदे पाहिले. दोन्ही यंत्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू आहेत, म्हणून एकमेकांचा आवाज ऐकतात, असं सांगून त्यानं आपलं यंत्र दोनशे किलोहर्ट्झवरून त्र्याऐंशीवर आणलं. होड्या शेजारी शेजारी असूनही तिच्या पडद्यावर एकही तिरपी रेघ उरली नाही.

दुपारी गहिनीनाथ ओट्यावर बसला होता. तिनं मासळीची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "खडकाकडं कधी मासा होता का?"

त्यानं खांद्याचा पट्टा नीट केला. "सगळंच त्याला दाखवायचं असतं का?" म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता आत गेला.

पुढच्या सकाळी गहिनीनाथनं मुस्तकीमला काय सांगायचं ते बजावायला सुरुवात केली, तेव्हा ती जाळं उचलून निघाली होती. पाण्यावर तिला बाभळीच्या कोपऱ्यापाशी कमानींचा पुंजका दिसला. तिनं हाक मारून मुस्तकीमला जागा सांगितली. तो आला, पण जाळं टाकण्याआधी आपल्या पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिला. सत्यभामेनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. त्याच्या जागी तीही तसंच वाकून बघत बसली असती.