नखाकडचं सालपट

गुरुदास दिवसा गवंडीकाम करायचा आणि संध्याकाळी वालावलच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचा. दोन्ही कामं हातांची, आणि दोन्हीकडे त्याच्या हाताला नाव होतं. त्याने रचलेली चिऱ्याची भिंत रेषेत उभी राहायची. मंडळाचे मुख्य गायक बाबली बुवांनी गजराची लय कितीही चढवली तरी त्याचा ठेका जागचा हलत नसे.

त्या हातांची निगा मात्र त्याने कधी राखली नाही. हातात थापी असली तरी सांधे भरताना बोटंच चालायची. काम सुटलं की कपड्यांच्या साबणाने खसाखसा हात घासले की झालं. थंडी पडली की सिमेंटने सुकलेली कातडी पांढुरकी व्हायची आणि नखांच्या कडेला बारीक सालपटं सुटायची. ती शर्टाच्या बाहीत अडकायची, टॉवेलात अडकायची. मग गुरुदास बोट तोंडात घालायचा, सालपट दातांत धरायचा आणि ओढून थुंकून टाकायचा. जरासं रक्त यायचं. ते अंगठ्याने दाबलं की विषय संपला. बायको रश्मी पाहायची आणि टोकायची. वय झालं तरी बोट तोंडात कसलं घालता, म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा.

माघी गणेश जयंतीला वाडीत डबलबारी ठरली होती. दोन मंडळं समोरासमोर बसणार आणि आळीपाळीने भजनं म्हणणार. समोरची पार्टी कणकवलीकडची, जोरदार. बाबली बुवा महिनाभर तयारी करत होते आणि त्यांची सगळी मदार गुरुदासवर होती.

जयंतीच्या आदल्या आठवड्यात, भिंतीचा थर पुरा करता करता, गुरुदासने उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक सालपट ओढलं. ते सुटलं नाही. पुढे पुढे चिरत गेलं आणि नखाच्या मुळाशी जाऊन तुटलं. त्याने बोट चोखलं आणि पुन्हा सिमेंटमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी तिथे लाली आली. तिसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागलं. त्याने हळद लावून चिंधी गुंडाळली आणि कामावर गेला. त्या संध्याकाळी सरावाला बसून पखवाजाच्या पुडीवर पहिली थाप मारली, तेव्हा कळ थेट कोपरापर्यंत गेली. वाजवता वाजवता त्याला घाम फुटला. बुवांनी गाणं थांबवलं, चिंधी सोडायला लावली. नखाची एक कड फुगून पिवळट झाली होती.

सकाळी रश्मीने त्याला कुडाळला नेलं. तिथल्या डॉक्टर अक्षया सामंत कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बोट बधिर करून नखाच्या कडेला छोटा छेद दिला, पू काढला, पट्टी बांधली आणि मग विचारलं, "दातांनी ओढलंत ना?"

गुरुदासने होकारार्थी मान हलवली.

"सुटलेलं टोक मेलेलं असतं, पण त्याचं मूळ जिवंत कातडीत असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही टोक ओढता आणि जिवंत कातडी फाडता. मग तोंडातले जंतू आणि सिमेंट, दोन्ही आत जातात. यापुढे ओढायचं नाही. हात कोमट पाण्यात ठेवून कातडी मऊ करा आणि तेवढंच टोक स्वच्छ नेलकटरने कापा. पण सालपटं सुटतात ती कातडी सुकते म्हणून. हात धुतले की पुसून लगेच तेल लावायचं. सिमेंटला हात घालायचा तर रबरी हातमोजे घालूनच."

नखाच्या मुळाशी असलेली कातडीची पातळ कड कापायची किंवा खरवडायची नाही, तीच आत घाण जाऊ देत नाही, हेही त्यांनी त्याच्या दुसऱ्या बोटावर दाखवलं. पखवाजाचं त्याने भीत भीतच विचारलं. जखम भरेपर्यंत पखवाज बंद, त्या म्हणाल्या.

एका सालपटापायी बारी गेली, हे कुणाला सांगायचीही त्याला लाज वाटत होती.

बुवांनी आणि त्याने ओळखीच्या सगळ्या पखवाज्यांना फोन लावले. जयंतीच्या दिवशी जो तो कुठे ना कुठे बांधलेला. राहिला एकच, फोंडाघाटचा धनेश. बऱ्याच वर्षांमागे एका स्पर्धेत धनेश पहिला आणि गुरुदास दुसरा आला होता. परीक्षक धनेशच्या नात्यातले, असं गुरुदास चारचौघांत बोलून गेला. ते धनेशच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून दोघं समोर आले तरी मान फिरवून जायचे. बुवा म्हणाले, मी बोलतो. पण गुरुदासला ते पटलं नाही. त्याने डाव्या हाताने स्वतःच नंबर लावला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

मग धनेशने विचारलं, "उजव्या हाताचा काय डाव्या?"

"उजव्या."

"बरा, मी येतंय. पखवाज तुझोच ठेव. बुवांच्या पट्टीत लागलेलो आसतलो."

जयंतीच्या दिवशी धनेश दुपारीच गुरुदासच्या घरी आला. गुरुदासने पखवाज त्याच्यासमोर ठेवला. स्वतःच्या वाद्यावर दुसऱ्याचे हात पडताना बघवेना, म्हणून तो पखवाजाला लावायची कणीक भिजवायच्या निमित्ताने आत वळला. एका हाताने काही जमेना. शेवटी धनेशनेच कणीक मळली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावली, आणि हात धुऊन पुसल्यावर खिशातून खोबरेल तेलाची लहान बाटली काढली. प्रत्येक नखाच्या कडेला थेंब थेंब तेल जिरवलं, तळवे मात्र कोरडे पुसले. मग आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. त्याचं नख एका बाजूला वाकडं वाढलेलं होतं.

"माजापण असाच झाला होता," तो म्हणाला. "कणीक सुकली की कातडी ओढता, आणि मी ती दातान काढी. ह्या नख पुरा गेला. एक अख्खो हंगाम घरात बसलंय. कोणाक सांगूक नाय."

त्या हंगामात धनेश का दिसत नाही म्हणून मंडळांत चर्चा झाली होती. धनेशला आता गर्व चढलाय, असं गुरुदासच म्हणाला होता. ते त्याला आठवलं.

"त्या परीक्षकांचा मी बोललंय, ता चुकीचा होता," तो म्हणाला.

धनेशने तेलाची बाटली खिशात ठेवली आणि बुवा गजर कधी चढवतात, ते विचारलं. बुवांचा डावा खांदा वर गेला की चढवतात, गुरुदासने सांगितलं.

संध्याकाळी बारी रंगली. गुरुदासला टाळीही वाजवता येत नव्हती. तो धनेशच्या मागे बसून राहिला आणि ठेका बदलायचा झाला की हळूच खूण सांगत गेला. सुरुवातीला दोन वेळा धनेश मागे पडला, नंतर खूण सांगायची गरजच राहिली नाही. समोरच्या पार्टीने त्याच्या पखवाजाला दाद दिली, तेव्हा गुरुदासला बरं वाटलं आणि थोडं झोंबलंही.

बोट भरायला पंधरवडा गेला. कामावर तो रबरी हातमोजे घालून आला, तेव्हा बरोबरचे गवंडी हसले. ऑपरेशन करूक इलस काय, असं कुणी विचारलंही. तो मोजे घालूनच थर लावत राहिला. दात अजूनही बोटाकडे जायचे, विशेषतः कामात अडलं की. मग तो हात खिशात घालायचा.

होळीच्या सुमारास एकदा रश्मी काजूच्या बिया सोलून आली आणि चुलीवर चहा ठेवून उभी राहिली. चहासाठी कप काढताना गुरुदासचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. चीक लागून टोकं काळी पडली होती आणि अंगठ्याच्या नखाकडेला दोन लांब सालपटं सुटली होती. इतकी वर्षं ती त्याला टोकत आली होती, पण तिची बोटं त्याने कधी नीट पाहिली नव्हती.

त्याने कप खाली ठेवला, नेलकटर पाण्याने धुऊन आणला, कोमट पाणी आणि तेलाची वाटी आणली, आणि तिचा हात पाण्यात धरून ठेवला.

"हात सोडा. चाय उतू जातली," रश्मी म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि पहिल्या सालपटाचं मऊ झालेलं टोक, न ओढता, कापलं.