एका पुस्तकाला एक चांदणी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. भवानी पेठेतल्या एका दुकानात मला लाकडी मुठीवर चिकटवलं. माझ्या अंगावरची चांदणी आता एका टोकाला झिजली आहे. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून मालतीबाईंनी मला वर्गात आणलं. एक पुस्तक वाचलं की वहीत एक चांदणी आणि दहा चांदण्यांना कंपासपेटी, असा त्यांचा नियम.

काय थाट होता माझा! मुलं रांगा लावत. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढून बसलो. वर्गातलं वाचन माझ्याच जिवावर चालतं, असं मला वाटायचं. पण वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीतली बारकी पुस्तकंच तेवढी बाहेर निघायची. अजिंक्य एका मधल्या सुट्टीत तीन पुस्तकं उरकायचा. पहिलं पान, शेवटचं पान, की आला पळत! मी निमूट उमटायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतही होतं.

अपेक्षाची वही मात्र कोरी होती. तिनं पेटीतलं सगळ्यांत जाड पुस्तक उचललं होतं, एका नावाड्याची गोष्ट. ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचायची. महिना झाला तरी निम्म्यावरच होती. पालकसभेला तिचे वडील कुंडलिक टॉवेलच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन आले. लेकीची वही पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"येक बी चांदणी न्हाय? महिनाभर नुसतं पुस्तक धरून बसलीस व्हय?"

त्यांना तरी दोष कसा देऊ? वहीत दिसलं तेवढंच त्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा टेबलाजवळ आली. "बाई, हे परत घ्या. बारकी पुस्तकं द्या की." तिचा आवाज रडवेला होता. मला माझीच लाज वाटली. जे पुस्तक तिच्या हाती राहावं म्हणून मला आणलं, ते माझ्यामुळेच सुटत होतं.

बाईंनी पुस्तक घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "गोष्ट कुठवर आली?"

"नाव फुटलीया बाई. पानी आत येतंय. त्यो नावाडी धाकल्या भावाला म्हणतो, तू पव. पर भावाला पवायच येत न्हाय, आन् त्यानं ते कुनाला सांगितलंच न्हाय..."

ती सांगत गेली. अजिंक्य पुढे सरकला. "मग फुडं? वाचला का त्यो?"

"मला तरी कुटं ठावं? वाचाय पायजे की!" असं म्हणून तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि जागेवर जाऊन बसली.

बाईंनी मला उचललं. "अपेक्षा, आण वही. चांदणी देते."

तिला ऐकूच गेलं नाही. ती वाचत होती. बाईंनी मला अलगद खाली ठेवलं, आणि मित्रांनो, त्या दिवशी कोरडं राहण्यात मला धन्य वाटलं.

मी काही वाईट नाही. पहिलं पुस्तक हाती यायला माझी मदत होते. तेवढ्यापुरतं मला जरूर वापरा. पण कुणाच्या चांदण्या मोजण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "मग पुढं काय झालं?" आणि तो सांगत असेल, तोवर उठू नका.