गळक्या परातीतलं सेडम

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या दिवशी घरोघरी एकच काम: आधीचं साठवलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतायचं आणि भांडी पुन्हा काठोकाठ भरायची. आठवडा सरता सरता पाण्यावाचून बोंब होणार हे ठाऊक असलं तरी ओतायचंच. माझे यजमान, गल्लीचे काकासाहेब, एसटीतून रिटायर झाल्यापासून हे जातीनं करतात. पाणी गटारात घालणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून सगळं गच्चीवरच्या कुंड्यांना.

शेजारच्या रईसाआपा लेकीच्या बाळंतपणाला जाताना माझ्याकडे एक टांगती कुंडी देऊन गेल्या. सेडम. टपोऱ्या पानांच्या लांब शेपट्या कुंडीबाहेर लोंबतात ते. त्यांचे नवरे कय्युमभाई शहागंजात घड्याळं दुरुस्त करायचे, ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या हातचं घरात एवढंच जिवंत राहिलं होतं.

"द्वारकाताई, इसकू ज्यादा पानी नक्को," आपांनी बजावलं. "माती खडखडीत वाळली तरच घोटभर. लाड केले की सडतंय."

मी नीट सांभाळलं. मग भावाकडे गंगापूरला जावं लागलं. जाताना काकासाहेबांना सांगितलं, आपांच्या कुंडीला हात लावू नका. आणि नेमका मागं नळ आला.

परत आले तर बुडखा काळा पडलेला, शेपट्या पिवळ्या, लिबलिबीत.

"अहो, काय केलं हे?"

"दोन तांबे घातले. समद्यांना पाजायचं अन् त्या एकट्याला उपाशी ठेवायचं, बरं वाटंना मला."

अशा भोळ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? मी ओरडलेच.

नर्सरीवाला म्हणाला, गळालेली धड पानं वेचा, रेताड मातीवर नुसती ठेवा, पाण्याचं नाव काढू नका. मला कुठला धीर? मी त्याच्याकडून तसलंच दुसरं झाड आणलं आणि आपांच्या कुंडीत लावून टाकलं. काकासाहेबांनी मात्र जुन्या झाडाची पानं वेचली, एका गळक्या परातीत मांडली आणि परात जिन्याखाली उजेडात ठेवली. नळाच्या दिवशी बादली घेऊन जाताना त्या बाजूला बघतसुद्धा नसत. पानं सुरकुतली. मी म्हटलं, टाका आता. मग एकेका पानाच्या टोकाला गुलाबी मुळी दिसली आणि तिच्यापाशी बारीक हिरवा कोंब.

आपा आल्या. टांगलेली कुंडी बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा ताई, लई जपलं हो!"

मी "हो" म्हणणार तोच काकासाहेब परात घेऊन पुढं आले. "आपा, ते नर्सरीतलं हाय. तुमचं म्या मारलं, पाणी घालून. हे त्याच्याच पानांचं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आपांनी एका कोंबाला बोट लावलं. डोळे भरून आले होते.

"ये तो उनकाच है," त्या म्हणाल्या. "भाईसाब, याला पाणी घातलं का?"

"थेंबसुद्धा नाय."

"मग मोठं होईपर्यंत तुमच्याकडंच राहू द्या."

मी चहा ठेवायला आत गेले आणि डोळ्याला पदर लावला. स्वतःची लाज वाटत होती आणि नवऱ्याचा अभिमान. तो मात्र त्यांना अजून सांगितलेला नाही, डोक्यावर बसतील.