एकदाच मारता येणारी हाक

दादाचा सरदार तळघरात जळून मेला, त्याला चौदा रविवार झाले. जाळणारे बाबा. मेला, असा निकाल देणारी मी.

हे सगळं खेळातलं. फासे, कागद आणि नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन आम्ही चौघं अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर हा खेळ खेळतोय. बाबा मांत्रिक, आई चोर, दादा सरदार. मी पंच. दिवसभर औषधांच्या दुकानात मी डॉक्टरांची अक्षरं लावते, म्हणून अर्थ लावायचं काम घरातही माझ्याच गळ्यात पडलं.

त्या दिवशी बाबांनी ज्वाळेचा मंत्र टाकला. नियम असा, की वीस पावलांच्या आतलं सगळं जळतं. सरदार बारा पावलांवर होता, पण भिंतीआड. बाबा म्हणाले, ज्वाळा वळत नाही. मी म्हणाले, वीस म्हणजे वीस. झालं, सरदार गेला.

"बाबा, निदान मला विचारायचं तरी," दादा म्हणाला.

बाबा निवृत्त लिफ्ट-तपासनीस. "विचारावं असं कुठे लिहिलंय?" ते म्हणाले.

दादाने फासे खिशात घातले आणि गेला तो गेलाच. दोन मुलांचा बाप, सहा फूट उंच. न विचारण्याचं हे भांडण तसं खेळाहून जुनं होतं. त्याची शाळा, विषय, पहिली नोकरी, सगळं बाबांनी असंच ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे, बाबांनीच घातलेली. कोणी गैरहजर असेल तर खेळातला काळ थांबतो. भिंतीवर दिवसांचा तक्ता आहे, त्यावर टाचणी. चौदा रविवार ती टाचणी हलली नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसायचो, चहा प्यायचो आणि उठायचो. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," आई म्हणायची. कोणाचा, ते सांगायची नाही.

तिसऱ्या रविवारी मला पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात एक टीप सापडली. ज्वाळा भिंतीआड पोचत नाही. म्हणजे सरदार मेलाच नव्हता. चूक माझी होती, आणि मला तिची लाज वाटली. तरी मी मूग गिळून बसले. बाबा टिपा वाचत नाहीत. टीप म्हणजे पळवाट, असं त्यांचं नोकरीतलं मत. ही दाखवली असती तर ते बरोबर ठरले असते, आणि बरोबर ठरलेले बाबा कोणाला फोन करत नाहीत. पानाचा फोटो पाठवतात.

चौदाव्या रविवारी बाबा आधीच पुस्तक उघडून बसले होते. त्यांना 'माघारी हाक' नावाचा मंत्र मिळाला होता. मेलेल्याला दहा दिवसांच्या आत हाक मारावी. त्याची इच्छा असल्यास तो परत येतो. हाक एकदाच मारता येते.

"टाचणीप्रमाणे अजून पहिलाच दिवस आहे," बाबा म्हणाले.

"मान्य."

"आता इच्छा. मेलेला काही बोलत नाही. तो गप्प आहे म्हणजे होकार धरू."

"गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला मी औषध देत नाही, बाबा."

यावर त्यांनी पाऊण तास युक्तिवाद केला. शेवटी आईने कप खाली ठेवला. "अहो, ज्याचा सरदार त्याला विचारा. फोन तुमच्या पुढ्यात आहे."

बाबांनी फोनकडे तपासायच्या लिफ्टकडे बघावं तसं बघितलं.

"हाक एकदाच आहे," ते म्हणाले. "त्याने उचललाच नाही तर? ती धरणार का तू?"

बाबा घाबरलेत हे माझ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

"उचलला नाही तर हाक मारलीच नाही."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. त्यांनी सही मागितली, तीही केली.

पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद पडला. बाबांनी माझी चिठ्ठी वाचली. दुसऱ्यांदाही तेच, आणि चिठ्ठीही परत वाचून झाली. तिसऱ्यांदा दादाने उचलला.

"बोला."

"एक नियमाचा प्रश्न आहे," म्हणून बाबांनी पान क्रमांकासकट आख्खा मंत्र वाचून दाखवला.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हाक मारावी असं लिहिलंय. तुम्ही वाचून दाखवताय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता.

"बारक्या," बाबा म्हणाले. दादाला मिसरूड फुटल्यापासून हे नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. "बारक्या, येतोस का रे?"

"विचारताय?"

"विचारतोय."

"मग येतो."

पुढच्या रविवारी दादा आला. खिशातून फासे काढले, आपली पुस्तकाची प्रत टेबलावर ठेवली. "त्या खुर्चीचा मागचा पाय ढिला आहे," बाबा त्याला म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची त्याला दिली. आई चहा आणायला गेली.

मी सहज दादाची प्रत चाळली. शेवटच्या पानांत तीच बारीक टीप होती. तिच्याखाली पेन्सिलने दोन रेघा मारलेल्या, आणि बाजूला तारीख, भांडणाच्या दुसऱ्याच दिवसाची.

मी वर बघितलं. दादाने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि आपल्या कोपराखाली ठेवलं.

"सरदार मेलाच होता ना गं?" तो म्हणाला.

"मेलाच होता," मी म्हणाले. मग उठून टाचणी एक दिवस पुढे टोचली.